आक्कांनी एकही नाव गाळलं नाही

पद्माआक्कांचं नाव आधी लिहितो. निपाणीजवळच्या जैन शेतकरी घरातल्या या बाई माझ्या कोणी लागत नव्हत्या. हॉस्पिटलात माझ्या शेजारच्या खाटेवर त्यांचे यजमान, अण्णा, अर्धांगवायूने पडलेले. त्यांचं सगळं करून उरलेला वेळ त्यांनी मला दिला.

मी शमुवेल. सातवीत शाळा सुटली. गाव जालन्याकडे, काम बेळगावात फाउंड्रीत, खोली पिरनवाडीला. एका सकाळी पायाला मुंग्या आल्या, दुसऱ्या दिवशी जिना चढवेना. नसांची तपासणी करून डॉक्टर म्हणाले, "गुलियन-बारे सिंड्रोम." म्हणजे रोगाशी लढणारी आपली ताकद चुकून आपल्याच नसांवर उलटते. "पायापासून वर चढतो, आणि बहुतेकांचा उतरतोही. पण श्वासापर्यंत पोचला तर मशीन लागेल."

पोचला. गळ्याला भोक पाडून नळी घातली, त्याला ट्रेकिऑस्टॉमी म्हणतात. आवाज बंद. हात, पाय, मान, काही हलेना. पण ऐकू सगळं येतं, दुखतंही सगळं. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्या घरच्यांना सांगतो, पेशंटसमोर जपून बोला. तो आत जागा असतो.

आईला दम्यामुळे प्रवास झेपत नव्हता. तिने फोनवर सांगितलं म्हणून खोलीतल्या सोबत्याने माझं बायबल आणून उशाशी ठेवलं.

पापणी मिटली की 'होय', असं सिस्टरांनी ठरवलं होतं. आक्कांनी पुस्तक हातात घेऊन विचारलं, "वाचू का रं, शामू?" डोळे कोरडे पडलेले, पापणी आपोआप मिटली. आक्कांनी सुरुवातीपासून वाचायला घेतलं आणि दोन-चार पानांत आदामाची वंशावळ आली.

आमच्या घरी ही पानं उलटून पुढे जायची रीत. कोण किती वर्षं जगला, त्याला कोण झालं, मग तो मेला. पुढचाही मेला. त्याच्या पुढचाही. मी मशीनवर. थांबा म्हणायला तोंड नाही.

अण्णांची जीभ जड झाली होती, पण बोलणं थांबलं नव्हतं. "अगं, पोराला जगवायला आणलंय हितं. तू मेला-मेला काय लावलंयस?"

"लिवलंय ते वाचायचं. नावं गाळून चालतंय व्हय? आपल्या चोवीस तीर्थंकरांतलं एक गाळून दावा बघू."

"ते तीर्थंकर हायत गं. ह्यांनी काय केलंय?"

"काय केलं ते लिवलंच न्हाय. तरी नाव ठेवलंय की."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आक्कांना वाटलं, पोराला लई आवडलं. दुसऱ्या दिवशी परत तेच पान.

अडकलेला माणूस ऐकण्यापलीकडे काय करणार? ऐकत गेलो. यांतल्या बहुतेकांच्या नावावर एकही पराक्रम नाही. जगले, पुढच्याला जन्म दिला, गेले. तरी देवाने एकालाही वगळलं नाही. मी कुणाच्याच कामाचा उरलो नाही, हे मला रात्रंदिवस खात होतं. देवाकडे नाव राहायला कामाचं असावं लागत नाही, हे त्या पानावर इतकी वर्षं होतं आणि मी ते उलटत आलो होतो.

पुढे बोटं हलू लागली. डॉक्टर म्हणाले, "आज थोडा वेळ मशीन काढून बघू. जमलं नाही तर परत लावू." मशीन काढलं आणि छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं. सिस्टर म्हणत होत्या, "हळू घ्या, हळू." मला हळू जमेना. आक्का पायाशी उभ्या राहिल्या आणि नावं म्हणू लागल्या. पान त्यांना पाठ झालं होतं. शेथ म्हणाल्या, मी श्वास घेतला. अनोश, सोडला. केनान, घेतला. महललेल नाव लांब, तेवढा सोडलेला श्वासही लांब. यारेद. हनोख. एका वेळी एकच नाव, एकच श्वास. नोहा झाला की परत शेथपासून. कितव्यांदा तरी नोहापर्यंत पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "राहू दे, मशीन नको आत्ता."

आज काठी घेऊन चालतो. पायांची आग अजून जात नाही, परत पडेन अशी धास्ती सुटत नाही. पण श्वास माझा मी घेतो, त्याबद्दल देवाचे आभार.

आक्का, अण्णांना तपासणीसाठी परत दाखल करावं लागणार आहे. मला फक्त कळवा. पायात बळ आलं की त्यांना उचलायला, धरायला मी येईन. रात्रभर त्यांच्या खाटेशी मी बसेन, आणि तुम्ही झोपायचं.