पुढच्या चाकांचा हुकूम

शेवटच्या खेपेला मी गाडीत नव्हते, हे आधीच सांगते. त्या खेपेचे जे काही सांगणार आहे ते आमचे ड्रायव्हर दस्तगीरभाई आणि वाडीवरची माणसे यांच्याकडून ऐकलेले आहे. दोन्हीकडचे जिथे जुळले तेवढेच मी धरले आहे. बाकीचे माझ्या डोळ्यांदेखतचे. गाडी फार जुनी झाली की तिच्यात माणसांपेक्षा किस्सेच जास्त बसतात. आमच्या पिकअपमध्ये तर ते उभ्याने यायचे!

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पाटणजवळच्या एका क्षयरोग केंद्रात मी प्रयोगशाळा सांभाळत होते. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी., त्यामुळे ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवण्याची सवय. केंद्राचे डायरेक्टर मात्र लिलाववाल्याच्या शब्दावर विश्वास ठेवून लष्कराने टाकून दिलेली एक फोर-व्हील पिकअप घेऊन आले. वयाने ती माझ्याहून फार लहान नव्हती.

"सहा सिलिंडर, चारही चाकांना ताकद!" डायरेक्टर म्हणाले. "आता खोऱ्यातली एकही वाडी लांब नाही."

पहिल्याच चढावर मी कान देऊन इंजिनाचे ठोके ऐकले आणि दस्तगीरभाईंना विचारले, "सहा सिलिंडर नक्की आहेत ना?"

"हायत की, बाईसाहेब. चार ड्यूटीवर, दोन रजेवर!"

"आणि ते हजर कधी होतात?"

"उतार लागला की समदे हजर!"

* * *

दस्तगीर मुलाणी पलटणीत अठरा वर्षे गाडी चालवून आले होते. पहिल्या पावसाळ्यात आम्ही चिखलात रुतलो. मी डाव्या सीटवर. मागची चाके जागच्या जागी फिरत होती, आणि दस्तगीरभाई हाताची घडी घालून समोर पाहत बसले होते.

"काय झाले?" मी विचारले.

"हुकूम, बाईसाहेब?"

"कसला हुकूम?"

"फ्रंट लावू का? पुढची चाकं."

"अहो, लावा की! विचारता काय?"

"पलटणीत डाव्या सीटवरचा साहेब सांगायचा. साहेबाबिगर हुकूम न्हाई, हुकमाबिगर फ्रंट न्हाई."

मी त्यांना पटवण्याचा प्रयत्न केला की ही पलटण नाही, मी साहेब नाही आणि चिखल कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाही. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. गाडी तोवर आणखी वीतभर खाली गेली.

"मग हुकूम समजू का?" ते म्हणाले.

* * *

डोंगरावरची खेप नसेल त्या दिवशी पिकअप गावातली सगळी कामे करायची. कराडचा बाजार, मलकापूरच्या गॅरेजात मुक्काम, मिरजेच्या इस्पितळात रुग्ण पोचवणे. एकदा डायरेक्टरांच्या सासूबाईंना डोळे दाखवायला मिरजेला न्यायचे होते. मानाची म्हणून डावी सीट त्यांना दिली; मी आणि आमच्या सिंधू सिस्टर मागच्या फळीवर. सासूबाईंना ऐकू कमी येत असे.

सांगलीच्या अलीकडे रस्त्यावर ऊस सांडून त्याचा चिखल झाला होता. गाडी घसरली, थांबली. दस्तगीरभाई अदबीने डावीकडे वळले.

"हुकूम?"

"काय म्हनतोस?"

"हुकूम, आजी, हुकूम!"

म्हातारीने कपाळावरचा पदर मागे सारला. "मेल्या, रांडावलेल्या बाईला कुकू विचारतोस व्हय रं?"

दस्तगीरभाईंनी तोच हुकूम समजून पुढची चाके लावली.

* * *

सगळ्यात वरच्या वाडीला जायला ही एकच गाडी होती. एरवी चार तासांची चढण. तिथे तान्हूबाई नावाची बावीस वर्षांची रुग्ण होती. तिची आठ महिन्यांची मुलगी रोग लागू नये म्हणून खालच्या गावात मावशीकडे ठेवलेली. सासूची अट स्पष्ट होती : "बाईच्या दुर्बिणीचा कागद येऊ दे, मग पोर येईल." दुर्बीण म्हणजे माझा मायक्रोस्कोप. तान्हूबाईच्या बेडक्यात जंतू दिसले नाहीत की मी कागद देणार, असे ठरले होते.

इंजिनाचा आवाज आला की ती बांधावर येऊन उभी राहायची.

"बाई, किडं मेलं का वं?"

"अजून नाही. गोळ्या चुकवू नकोस."

"लय चिवट हायत की. आमच्या आत्याबाईवाणी!"

आतून सासूचा खोकला आला आणि त्याच्यामागून सासू. "मी मेल्याबिगर मरायची न्हाईत ती!"

मी त्या खोकल्याकडे लक्ष दिले. नमुना मागितला. "ही चुलीच्या धुराची खोकली हाय," म्हातारी म्हणाली आणि दार लावून घेतले. तीन खेपा मागितला, तिन्ही खेपांना दार लागले.

* * *

पुढे पेट्रोल महागले आणि डायरेक्टरांनी परिपत्रक काढले : 'पुढची चाके वापरल्यास दर वेळी लेखी कारण द्यावे.' दस्तगीरभाईंनी कागद माझ्यापुढे ठेवला.

मी लिहिले, 'कारण : मागची पुरेनात.'

परत आलेल्या कागदावर शेरा होता, 'कारण विस्ताराने लिहावे.'

* * *

त्यानंतर गाडी ठेवायची की लिलावात काढायची हे ठरवायला एक तपासनीस आले. त्यांनी चढावर चाचणी घ्यायची ठरवली आणि स्वतः डाव्या सीटवर बसले. मी आणि सिस्टर मागून चालत होतो. मध्यावर मागची चाके फिरायला लागली.

"हुकूम, साहेब?" दस्तगीरभाई म्हणाले.

"मी हुकूम द्यायला नाही, पाहायला आलो आहे."

मी खालून ओरडले, "दस्तगीरभाई, लावा!"

त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "बाईसाहेब, तुमी डाव्या सीटवर न्हाई!"

गाडी हळूहळू, अगदी सभ्यपणे, मागे घसरत पायथ्याशी आली. तपासनीसांनी उतरून बूट झटकले आणि लिहिले : 'गाडी चढ चढत नाही.'

एक शेवटची खेप मंजूर झाली. त्यानंतर लिलाव.

* * *

त्या खेपेच्या दिवशी मला मिरजेला बैठकीसाठी बोलावले होते आणि सिस्टर तापाने अंथरुणावर होत्या. दस्तगीरभाई आदल्या संध्याकाळी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले.

"डावी सीट मोकळी हाय, बाईसाहेब. हुकूम कोन देनार?"

तेव्हा मी तो लिहून दिला. विचार करून, सात ओळी. ओढ्याच्या अलीकडे थांबून पुढची चाके जोडावीत. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर परत फिरावे. गोळ्या तान्हूबाईच्याच हातात द्याव्यात. घरात जे जे खोकतात त्या प्रत्येकाचा नमुना वेगळ्या डबीत घ्यावा. सासूबाईंना सोडू नये. डब्या घट्ट बंद कराव्यात. त्या थेट माझ्या टेबलावर आणाव्यात.

सकाळी त्यांनी तो कागद डाव्या सीटवर ठेवला, वर दगड ठेवला आणि निघाले. वाडीवरची माणसे सांगतात, वळणावळणाला गाडी थांबायची, ड्रायव्हर रिकाम्या सीटकडे पाहून "व्हय, साहेब" म्हणायचा आणि पुढे निघायचा.

ओढ्याला पाणी मांडीपर्यंत होते, हे त्यांनीच मला नंतर सांगितले.

"मग परत का फिरला नाहीत? गुडघ्याच्या वर म्हटले होते मी!"

"गुडघा कुनाचा, त्ये लिवलं न्हवतं. मी गाडीचा धरला."

वर तान्हूबाई बांधावर उभी होती. तिने गोळ्या घेतल्या, डबी भरून दिली आणि विचारले, "दादा, ह्या खेपंला कागद मिळंल न्हवं?" म्हातारीने दार लावले. दस्तगीरभाईंनी दारासमोर उभे राहून माझा कागद पहिल्या ओळीपासून खड्या आवाजात वाचला. सासूबाईंना सोडू नये, या ओळीला दार उघडले.

"आन ती डबी हिकडं!" म्हातारी म्हणाली. "घे, तुझ्या हुकमावर थुकते!"

आणि खरोखरच थुंकली. आमच्या केंद्राला मिळालेला तो सर्वांत कष्टाचा नमुना.

दुसऱ्या दिवशी मी मिरजेहून परतले तेव्हा माझ्या टेबलावर दोन डब्या होत्या. घट्ट बंद, एकाच फडक्यात गुंडाळलेल्या. मी स्लाइड रंगवल्या. एका डबीत निळ्या पार्श्वभूमीवर लाल जंतू इतके होते की मोजण्याची गरज नव्हती. दुसरीत मी दुपारभर शोधले, एकही नव्हता.

"दस्तगीरभाई, यातली तान्हूबाईची कोणती?"

त्यांनी दोन्ही डब्या हातात घेतल्या, फिरवून पाहिल्या, पुन्हा ठेवल्या. मग खिशातून माझा कागद काढला आणि सातही ओळी सावकाश वाचल्या. शेवटच्या ओळीनंतर कागद उलटा करून पाठही पाहिली.

"नाव लिवा असं ह्यात न्हाई, बाईसाहेब."

नव्हतेच.

जंतूंची डबी तान्हूबाईची असेल, तर मुलगी आणखी कित्येक महिने मावशीकडे. स्वच्छ डबी तान्हूबाईची असेल, तर कागद मिळणार, मुलगी घरी जाणार, आणि दिवसभर म्हातारीच्या मांडीवर राहणार.

त्याच आठवड्यात पिकअप दोर बांधून लिलावाला नेली. मी दोन नव्या डब्या घेतल्या, दोन्हींवर माझ्या हाताने नावे लिहिली आणि टपाल घेऊन वर चालत जाणाऱ्या माणसाजवळ दिल्या. त्या परत आल्या नाहीत.