खंडेनवमीचं उलटं स्टिअरिंग

आमच्या घरासमोर एक ट्रक उभा असतो. तो लष्कराच्या लिलावातून आलेला आहे. वडील फौजेत ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर दोनच वर्षांत त्यांनी तो घेतला. गावात त्याला ‘मिल्ट्री’ म्हणतात. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो, गाव हवालदार म्हणतं.

लष्करी हिरवा रंग खासगी गाडीला चालत नाही, म्हणून ट्रक विटकरी केला आहे. बोनेट उघडलं की आत अजून हिरवा दिसतो. बाकी बरंच बदललेलं आहे. ड्रायव्हरची सीट एका लक्झरी बसची आहे. ताडपत्री कांद्याच्या चाळीवर टाकतात ती. हेडलाइट एलईडीचे आहेत. विजेची व्यवस्था चोवीस व्होल्टची असल्यामुळे बाजारातला साधा हॉर्न लावल्याबरोबर जळाला, दुसराही जळाला. मग अण्णांनी ट्रकला सायकलचा रबरी भोंगा लावला. तो अजून आहे.

ट्रकचं काम एकच. कर्जत तालुक्याच्या आमच्या भागात नदीकडची जमीन काळी आहे, आणि ऊसतोडणीच्या दिवसांत तिथे ट्रॅक्टर रुततात. ट्रकच्या पुढच्या बंपरमागे तारेचं विंच आहे, त्याने ते ओढून काढता येतात. अण्णा त्याचे पैसे घेत नाहीत, नारळ घेतात. हंगामात आमच्याकडे सगळ्या भाज्यांत ओलं खोबरं असतं.

दर सोमवारी सकाळी ट्रकची मेंटेनन्स परेड होते. फौजेत ती होत असे, म्हणून घरीही होते. परेडला अण्णा आणि आई हजर असतात. अण्णा ऑइल, पाणी, हवा, पट्टे तपासतात आणि प्रत्येक गोष्ट मोठ्याने सांगतात. आई जुन्या साडीचं फडकं घेऊन उभी असते. सांगितलेलं कोणी लिहून घेत नाही.

फौजेतला आणखी एक नियम घरी लागू आहे. गाइडशिवाय गाडी मागे घ्यायची नाही. गाइड आई आहे. ती ट्रकच्या मागे, आरशात दिसेल अशी उभी राहते आणि हाताने दाखवते. इतक्या वर्षांत ट्रक मागे जाताना कशालाही लागलेला नाही. आईला ट्रक आवडत नाही. तो अंगण अडवतो, असं तिने आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगितलं आहे. मात्र उन्हाळ्यात ती कुरडया त्याच्याच बोनेटवर वाळत घालते, कारण तिथे कोंबड्या चढत नाहीत.

आमच्या गावात दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली की सगळ्या गाड्या मारुतीच्या देवळाला एक फेरी घालतात आणि मग शिवेपर्यंत जाऊन येतात. मोटारसायकली आधी, ट्रॅक्टर नंतर, मिल्ट्री शेवटी. देवळाला चारही बाजूंनी पायऱ्या आहेत आणि मागच्या बाजूला पिठाची गिरणी आहे. देऊळ आणि गिरणी यांच्यामधली जागा ट्रकपेक्षा थोडीच जास्त आहे आणि नेमकं तिथेच वळण आहे.

दोन वर्षांपूर्वी अण्णांचा उजवा खांदा आखडला. त्यांना फेटा बांधता येईना, तो आई बांधू लागली. ट्रकचं स्टिअरिंग जुनं, जड. ते फिरवायला दोन्ही हात आणि बरीचशी पाठ लागते. त्या दसऱ्याला गिरणीच्या वळणावर ट्रक अडकला. अण्णांनी तो मागे घेतला, पुढे घेतला, पुन्हा मागे घेतला. गिरणीच्या पत्र्याची कड वाकली. देवळाच्या पायऱ्यांवर बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला, “हवालदार, रिव्हर्समधी प्रदक्षिना चालती का देवाला?”

लोक हसले. अण्णा खाली उतरले आणि सर्वांसमोर म्हणाले, “पुढच्या दसऱ्याला एका दमात, माघारी न घेता फिरली तर ठेवीन. न्हाई तर दुसऱ्या दिवशी भंगारात.”

अशी अट कोणी मागितली नव्हती. आठवड्याभरात ती सगळे विसरले. अण्णा विसरले नाहीत. त्यांनी कर्जतच्या भंगारवाल्याला जाऊन सांगितलं, की पुढच्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं. भंगारवाल्याने वर्षभर आधी ठरलेलं गिऱ्हाईक प्रथमच पाहिलं असावं. त्याने होकार दिला.

माझा धाकटा भाऊ नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये काम करतो. मी नगरलाच एका दैनिकात उपसंपादक होते. भाऊ माझ्याकडे येऊन म्हणाला, “ताई, अण्णा ट्रक देऊन टाकतील. बोलले म्हंजी बोलले.” ट्रक गेल्यावर अण्णा सोमवारी काय करतील, हा प्रश्न आम्ही दोघांनी काढला आणि तसाच सोडला.

मार्ग एकच होता. ट्रकला पॉवर स्टिअरिंग बसवायचं. मोडीत निघालेल्या एका बसचा स्टिअरिंगचा डबा भावाला मिळाला. पंप, पाइप, तेलाची टाकीही मिळाली. त्याने पावसाळाभर रविवारी गावी येऊन काम केलं. ब्रॅकेट त्याने स्वतः कापली, स्वतः वेल्डिंग केली. मापात तो पक्का आहे. एकही बोल्ट त्याला ठोकून बसवावा लागला नाही. बसमध्ये हा डबा ज्या तोंडाने बसतो, त्या तोंडाने आमच्या ट्रकमध्ये बसत नव्हता, म्हणून त्याने तो फिरवून घेतला. त्यामुळे सगळं छान जुळलं.

काम खंडेनवमीच्या सकाळी पूर्ण झालं. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पूजतात. विळे, कोयते, पाने, हातोड्या, जॅक, वेल्डिंगचं मशीन, सगळं धुऊन ओसरीवर मांडलं जातं. हळद-कुंकू आणि झेंडूची फुलं वाहिली, की दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या गाड्या शिवेवरून परत येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. अण्णा या बाबतीत कडक आहेत. त्यांना दुपारच्या आत पूजा हवी होती. भाऊ म्हणाला, आधी गाडी चालवून पाहू. अण्णा म्हणाले, “पूजेला टाइम असतो. गाडी कुठं पळून चालली?”

पूजा झाली. पुरणाचं जेवण झालं. मग भावाने ट्रक चालू केला आणि अण्णांनी एका हाताने स्टिअरिंग फिरवलं. ते दोन बोटांनी फिरलं. अण्णांनी दोनदा फिरवून पाहिलं. त्यांच्या दृष्टीने ही मोठी दाद होती.

त्यांनी ट्रक रस्त्यावर घेण्यासाठी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. ट्रक डावीकडे गेला आणि गोठ्याच्या दावणीपाशी थांबला.

भाऊ गाडीखाली शिरला. त्याने टॉर्चने डबा नीट बघून घेतला. मग तो म्हणाला, “डबा फिरवला ना मी. त्याचा दांडा बी उलटा फिरला.”

“म्हंजे?” आई म्हणाली.

“म्हंजे उजवीकडं फिरवलं की डावीकडं जातीय.”

“मंग डावीकडं फिरवा,” आई म्हणाली.

दुरुस्ती अवघड नव्हती. मध्ये एक लिव्हर टाकला की दिशा सरळ होणार होती. लिव्हर बनवायला ग्राइंडर, वेल्डिंग आणि पाने लागणार होते. ते सगळे ओसरीवर झेंडूच्या फुलांखाली होते. शेजाऱ्यांची हत्यारंही त्यांच्या ओसरीवर होती. भावाचं वर्कशॉप पूजेसाठी बंद होतं. जुना डबा परत लावायचा तरी पाने हवेतच होते.

भाऊ म्हणाला, “अण्णा, एक पाना उचलू द्या. देवाला सांगतो मी.”

“देवाला काय सांगायचं ते मला सांग. मी न्हाई म्हनतो.”

“मंग उद्या फेरी नका घालू. पुढल्या वर्षी घाला.”

“परवा भंगारवाला येनार हाय,” अण्णा म्हणाले.

त्याला फोन करून नको सांगता आलं असतं. हे मी बोलून दाखवलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि ट्रक शेताकडे काढला. शेतापर्यंत ते पहिल्या गिअरमध्ये, सरळ रस्त्याने गेले.

बाजरी निघालेली होती, शेत मोकळं होतं. अण्णांनी सरावाला सुरुवात केली. चाळीस वर्षांची सवय आड येत होती. डोकं बरोबर सांगायचं आणि हात ऐकायचे नाहीत, मग हात ऐकायचे आणि डोकं गडबडायचं. थोड्याच वेळात त्यांनी कडब्याची गंजी पाडली. आई बांधावर बसून बघत होती. गंजी पडल्यावर ती उठली आणि ट्रकसमोर येऊन उभी राहिली.

“तुमी विचार करताय, म्हनून चुकतंय,” ती म्हणाली. “विचार मी करते. तुमी निस्ता माझा हात बघा.”

ठरलं ते असं. आजपर्यंत आई ट्रक कुठे जायला हवा ते दाखवायची. आता तिने स्टिअरिंग कुठे फिरवायचं ते दाखवायचं. म्हणजे ट्रक उजवीकडे न्यायचा असेल तर तिने अण्णांच्या डावीकडे हात करायचा. अण्णांनी प्रश्न न विचारता तिकडे फिरवायचं.

“हे जमंल,” अण्णा म्हणाले. “ऑर्डर पाळायची. सव्वीस वर्षं तेच केलं.”

अंधार पडेपर्यंत ट्रक आईच्या हातावर शेतात फिरला. गंजी पुन्हा रचली.

दसऱ्याच्या दुपारी मोटारसायकली गेल्या, ट्रॅक्टर गेले. भावाने सर्वांना देवळाच्या पायऱ्यांवर चढायला लावलं आणि स्वतः अण्णांच्या शेजारी हँडब्रेक धरून बसला. आई नवी साडी नेसून ट्रकच्या पुढे, चार पावलांवर होती. स्टिअरिंग उलटं आहे, हे मात्र आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं.

पहिलं वळण मोकळं होतं. दुसरं गिरणीचं. तिथे देऊळ ट्रकच्या उजव्या हाताला येतं आणि गिरणी डाव्या. आईने सरळ गिरणीकडे हात केला. ट्रक देवळाकडे वळू लागला.

पायऱ्यांवरून ओरडा झाला. “हवालदार! वहिनी तिकडं दावत्यात, तुमी हिकडं चाललाय!”

आईने हात आणखी ताणून गिरणी दाखवली. ट्रक आणखी देवळाकडे आला.

“आरं, ऐका की बायकोचं! येक दिवस तरी ऐका!”

“न्हाई ऐकायचे. फौजी हाय.”

गिरणीवाला बाहेर आला. त्याने आईचा हात आपल्या पत्र्याकडे रोखलेला पाहिला आणि तो आईलाच हात जोडू लागला. आईने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने हात हळूहळू खाली आणला, म्हणजे स्टिअरिंग सरळ. अण्णांनी ते सरळ केलं. विटकरी बंपर पत्र्याच्या वाकलेल्या कडेजवळून गेला. ट्रक कुठेही थांबला नाही, मागे गेला नाही. देवळासमोर येऊन अण्णांनी रबरी भोंगा एकदा वाजवला.

त्या संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या बऱ्याच जणांनी आईला सहानुभूती दाखवली. एका म्हाताऱ्या बाईने अण्णांना तोंडावर सुनावलं, की बाईमाणूस भर उन्हात हात दुखेस्तोवर दाखवतंय आणि तुम्ही मनाला येईल तसं हाकताय. अण्णांनी आपट्याची पानं तिच्या हातात दिली आणि “चुकलं” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला टेम्पो आणि गॅस कटर घेऊन हजर झाला. अण्णा अंगणात त्याची वाट पाहत होते.

“गाडी फिरली,” अण्णा म्हणाले. “एका दमात.”

“मंग मला कशापायी बोलावलं, हवालदार?”

“शब्द दिल्ता. तुमी आलात, मी हाय. च्या घ्या.”

त्याने चहा घेतला आणि ट्रककडे पाहत राहिला. लोखंड चांगलं आहे, असं म्हणाला. मोकळ्या हाताने पाठवायचं नाही म्हणून अण्णांनी त्याला जुना स्टिअरिंगचा डबा दिला. तो एकट्याला उचलेना. भावाने दुसरं टोक धरलं.

हत्यारं आदल्या संध्याकाळीच उचलली होती. भावाने लिव्हर बनवला आणि पुढच्या रविवारी बसवला. सोमवारी परेड झाल्यावर अण्णांनी ट्रक एकट्याने बाहेर काढला. स्टिअरिंग आता सगळ्या जगासारखं होतं. अण्णांचे हात मात्र तसे राहिले नव्हते. ट्रक अंगणातून बाहेर पडला आणि समोरच्या शेवग्यावर गेला. शेवगा मऊ असतो, तो मोडला. ट्रकला ओरखडाही आला नाही.

अण्णांनी उतरून पाहणी केली. मग त्यांनी नियमात दुरुस्ती जाहीर केली. यापुढे गाइडशिवाय गाडी पुढेही घ्यायची नाही.

“मंग कर्जतच्या बाजारापोत्तर मी म्होरं पळत जाऊ का?” आईने विचारलं.

यावर विचार झाला. आता ती केबिनमध्ये, डाव्या सीटवर बसते आणि तिथून हाताने दाखवते. शेवग्याच्या मोडलेल्या शेंगा निवडून तिने त्याच दिवशी आमटी केली होती.