दोष काढ्याचा नव्हता

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. धाकटा भाऊ कशाने गेला असं कोणी विचारलं की "न्यूमोनिया झाला" एवढं बोलून मी विषय बदलायचो. ते खोटं नव्हतं. पण त्या खऱ्या शब्दाआड मी जे लपवलं, ते माझ्या भावजयीने भोगलं. ती आता नाही. निदान आता तरी नीट सांगायला हवं.

घाटकोपरला भटवाडीत, डोंगराच्या उतारावरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. माझी बायको आधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन बडोद्याला. भावाला मूलबाळ नव्हतं. मी साकीनाक्याच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला. भाऊ लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करायचा. पन्नाशीला टेकला होता, पण तरुणपणी कबड्डी खेळलेलं अंग. पाण्याचा पिंप एकटा उचलायचा.

माझ्या बायपासच्या वेळी मी राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, कोंबडा नवस बोललो होतो. आम्हा कोकणातल्या माणसांचं हे मुंबईत जन्म काढला तरी सुटत नाही. वर डोंगरावर एका झाडाखाली वस्तीतल्या लोकांनी राखणदाराचं ठाणं केलेलं आहे. आमच्यात बोललेला कोंबडा घरी वाढवलेला लागतो. आणि देण्याआधीच तो आपणहून मेला तर नवस फिटत नाही, उलट काहीतरी वाईट घडतं, असं लहानपणापासून कानावर पडलेलं. भावजयीने मोरीमागच्या खुराड्यात तो पिल्लापासून वाढवला. अमावस्येला द्यायचा ठरला, आणि त्याआधी ती भाचीच्या लग्नाला माहेरी कणकवलीला गेली.

त्याच सुमाराला खालच्या गल्लीतल्या काही कोंबड्या मेल्या. कोणी गवगवा केला नाही. पालिकेची माणसं आली तर सगळ्यांच्याच उचलून नेतील, ही भीती. मेलेल्या कोंबड्या पिशव्यांत भरून गुपचूप कचऱ्यात गेल्या. मला ते ठाऊक होतं. एका सकाळी आमच्या कोंबड्याचा तुरा जांभळट पडलेला दिसला. मान एका बाजूला कलली होती आणि दाणा तसाच पडला होता.

मी भावाला हाक मारली. "आजच देऊन टाकू."

"दादा, अरे त्याची मान बघ ना. आजारी आहे तो."

"म्हणूनच म्हणतो. मेला म्हणजे?"

"मेला तर दुसरा आणू. देवाला काय कळतंय, गावठी का बॉयलर!"

"थट्टा नको. माझ्या जिवावरचा नवस आहे तो."

हे वाक्य ऐकल्यावर तो खुराडं उघडायला वाकला. मी तेवढ्यासाठीच ते बोललो होतो.

ठाण्यापुढे मी गाऱ्हाणं घातलं. तो मागून "व्हय म्हाराजा" म्हणत होता, आणि मध्येच हळूच म्हणाला, "आणि आमच्या दादाक जरा अक्कल दी, म्हाराजा." मला हसू आलं. मग त्याने कोंबडा कापला, उकळत्या पाण्यात बुडवला आणि वाफेत तोंड घालून पिसं उपटली. आतडी त्यानेच साफ केली. मी हृदयाचा रोगी म्हणून लांब दगडावर बसलो होतो. रस्सा तिथेच शिजवून तिथेच संपवायचा असतो, घरी आणत नाहीत. आम्ही दोघंही जेवलो. मला काही झालं नाही. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, नीट शिजवलेल्या मांसातून कोंबड्यांचा हा आजार सहसा येत नाही. भावाला तो, कच्चा कोंबडा हाताळताना, श्वासावाटे आला असणार.

भावजय परत आली तेव्हा भाऊ तापाने फणफणला होता.

"कोंबडा दिलात? अमावस्येआधीच?"

"पुढे ढकलायचं कशाला," मी म्हणालो. कोंबड्याच्या कललेल्या मानेबद्दल भावानेही तिला काही सांगितलं नाही.

तिने लगेच गुळवेल उकळायला टाकली. करोनापासून तिचा काढ्यावर फार विश्वास. आलं, तुळस, हळद घालून पेला भरायची आणि समोर उभी राहायची.

"प्या. प्रतिकारशक्ती वाढते."

"अगं, हा पिण्यापेक्षा ताप परवडला," तो तोंड वाकडं करून म्हणायचा, पण सगळा प्यायचा.

जवळच्या डॉक्टरांनी तापाच्या गोळ्या दिल्या. खोकला वाढला तसं ती म्हणाली, मोठ्या हॉस्पिटलात नेऊ या. मीच म्हटलं, कबड्डीचं अंग आहे, झुंज देईल. बोलताना त्याचा श्वास तुटायला लागला तेव्हा कुठे आम्ही टॅक्सी केली.

तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी कोंबड्या आहेत? कुठला आजारी पक्षी हाताळला होता का?"

भावाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. भावजयीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाही. बाजारातलं चिकन खातो, तेवढंच."

का म्हणालो? वस्तीचं नाव खराब होईल म्हणून, आणि आजारी कोंबडा देवाला दिला हे चारचौघांत कळेल म्हणून. दुसरं कारण जास्त खरं. परक्यांसमोर थोरल्या दिराचं बोलणं भावजय खोडणार नव्हती. शिवाय ती गेली तेव्हा कोंबडा धडधाकट होता, त्यामुळे तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंही नसेल.

त्याला व्हेंटिलेटरवर घेतल्यावर मी त्याच डॉक्टरीणबाईंना जिन्यात गाठून सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "आधी सांगायला हवं होतं, काका. बर्ड फ्लूवरचं औषध लवकर सुरू केलं तर जास्त उपयोग होतो." त्यांनी औषध सुरू केलं, नमुने तपासणीला पाठवले. बर्ड फ्लूचा रिपोर्ट आला तेव्हा भाऊ राहिला नव्हता. पालिकेची माणसं आली आणि वस्तीतल्या उरल्यासुरल्या कोंबड्याही गेल्या. आजार वस्तीतूनच कुठूनतरी आला असं भावजयीने धरलं, आणि मी तिला तसंच धरू दिलं.

तो जायच्या आदल्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला एक्स-रे दाखवला होता. फुफ्फुसं काळी दिसायला हवीत, तिथे सगळं पांढरं होतं.

"विषाणूने सुरुवात केली," ते म्हणाले, "पण आता नुकसान करतेय ती त्यांची स्वतःची प्रतिकारशक्ती. विषाणूला मारायला शरीर जे सोडतं, ते थांबतच नाहीये. फुफ्फुसातल्या बारीक पिशव्यांच्या भिंती सुजल्यात, त्यांतून पाणी झिरपतंय. हवेच्या जागी पाणी भरलंय."

"तब्येत इतकी चांगली होती हो त्याची," मी म्हणालो.

"चांगल्या तब्येतीच्या माणसालाही होतं हे. शरीराचा सगळा जोर आतल्या आत उलटतो."

भावजय अगदी हळू म्हणाली, "मी प्रतिकारशक्तीचा काढा देत होते. दिवसातून दोनदा."

"काढ्याने असं होत नाही, ताई," डॉक्टर म्हणाले. पण ते दुसऱ्या पेशंटकडे वळले होते, आणि हिच्या कानावर ते पडलंच नाही. तिने पदर तोंडाला लावला होता.

दिवसकार्य उरकल्यावर तिने गुळवेलीची कुंडी उचलून बाहेर ठेवली. शेजारणीने विचारलं तर म्हणाली, "माझ्या हाताला यश नाही." पुढे शेजारीपाजारी कोणाला साधी सर्दी झाली तरी ती आलं किसायची नाही. मी खोकलो की दचकायची आणि म्हणायची, "भावोजी, डॉक्टरकडे जा. माझ्याकडे काही मागू नका." मी मागतच नव्हतो. मी समोर बसून तिने वाढलेलं जेवत होतो, आणि मला जे ठाऊक होतं ते गिळत होतो. अनेकदा सुरुवात केली. "अगं, ऐक ना..." ती वळून बघायची आणि मी मीठ मागायचो.

नंतर ती कणकवलीला आपल्या भावाकडे राहायला गेली. साखरेने पाय गेला, मग मूत्रपिंडं. गेल्या वर्षी मी भेटायला गेलो तेव्हा ती खाटेवर उशाला टेकून बसली होती. मला बघून आधी माझ्या गोळ्यांची चौकशी केली. मग म्हणाली,

"भावोजी, मी ह्यांना तो काढा दिला नसता तर?"

"तुझं काही चुकलं नाही," मी म्हणालो.

"सगळे असंच म्हणतात."

मी तिचा हात धरला. तिचा भाऊ चहा घेऊन आत आला. आम्ही चहा प्यायलो, गाडीची वेळ झाली, मी उठलो. महिन्याभरात ती गेल्याचा फोन आला.

त्या खाटेशी बसून मला एवढंच सांगायचं होतं: कोंबडा आजारी आहे हे मी पाहिलं होतं. तुझा नवरा नको म्हणत होता, मी त्याला भाग पाडलं. डॉक्टरांशी खोटं मी बोललो, आणि औषधाची वेळ त्यात गेली. तू दिलंस ते फक्त गुळवेलीचं पाणी होतं. मला माफ कर.