त्या रविवारी प्रभुभोजनाला कोण बसलं होतं?

भूतखेत, दृष्टान्त वगैरे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. मी नर्स. कुणाच्या अंगात आलं म्हटलं की आधी नाडी बघणारी. ख्रिस्ती असले तरी चमत्कार बायबलात असतात, पिंपरीत नाहीत... असंच मानत होते.

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीत नवा कारखाना निघाला होता, तिथे आमचे हे — योहान — फिटर. आम्ही मूळचे नगरकडचे. उपासना पत्र्याच्या शेडमध्ये व्हायची. पाळकसाहेब महिन्यातून एकदा खडकीहून सायकलने येत, भाकर आणि प्याला घ्यायचं प्रभुभोजन तेव्हाच.

आमचे हे माणूस म्हणून सोन्यासारखे, पण दारू! राज्यात दारूबंदी, आणि भोसरीच्या वाटेवर हातभट्टी हवी तेवढी. शनिवारी प्यायचे, रविवारी रडायचे. ज्या तोंडाने दारू प्यालो त्या तोंडाने प्रभूचा प्याला घ्यायचा नाही, हा नियम ह्यांचा ह्यांनीच काढलेला. महिनोन्‌महिने प्रभुभोजन नाही. दारूचं मी बघून घेतलं असतं हो... पण लाजेपायी हा माणूस देवालाच मुकणार, ह्या भीतीने माझा जीव तुटायचा.

त्या रविवारीही तेच. हलवलं तरी शुद्ध नाही. चिडून मीही उपासनेला गेले नाही. उंबऱ्यातच तांदूळ निवडत बसले. खोलीला दार एकच, खिडकीला गज, आत ह्यांचं घोरणं चालू.

दुपारी शेजारच्या शांताबाई उपासनेहून आल्या त्या डोळे पुसतच.

"सलाम, मार्थाबाई. आज योहानभाऊंनी रडवलं बघा सगळ्यांना."

"कुणी?"

"अहो, तुमच्या ह्यांनी! उभे राहिले, मी योहान म्हणून नाव सांगितलं, म्हणाले — मी परत पडेन, तर मला उचला, पण बाहेर ठेवू नका. मग भाकर घेतली, प्याला घेतला."

मी म्हटलं, "थट्टा करताय का? ते बघा आत." त्यांनी डोकावलं आणि तशाच पाळकसाहेबांना बोलवायला धावल्या.

मागोमाग पाळकसाहेब आले. "बाई, भाकर मी माझ्या हाताने दिली त्याला," एवढंच म्हणत राहिले.

संध्याकाळी हे शुद्धीवर आले. सगळं ऐकून म्हणाले, "मी कुठे गेलो नाही गं. पण ते बोलणं माझंच आहे. कधीपासून मनात होतं... तुलासुद्धा सांगितलं नव्हतं."

पुढच्या महिन्यात ते पाय ओढत गेले, भोजनाला बसले. दारू लगेच नाही सुटली. पडले, उठले, परत पडले — पण पडले म्हणून प्रभुभोजन चुकवलं नाही. सुटली ती फार उशिरा.

ह्यांना जुळा भाऊ नव्हता. भर उजेडात अख्ख्या मंडळीला एकच भास कसा होईल? मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं, उत्तर अजून नाही.

शेवटच्या आजारपणात ह्यांना विचारलं, "कोण होतं हो ते?"

"ते मला नाही ठाऊक," म्हणाले. "पण मी असा लोळत पडलेला असताना माझं नाव सांगायची त्याला लाज वाटली नाही."