गुरुजींचा नकार

मोहाडीचा बाजार त्या दुपारी ऐन भरात होता. बाजाराच्या तोंडाशी स्कूटी घसरली, म्हातारे गृहस्थ डोक्यावर पडले, असा फोन आला. आमची रुग्णवाहिका जवळच उभी होती. गाडीवर आम्ही दोघंच. मी इमर्जन्सी टेक्निशियन, आणि दुसरा चालक, ज्याला आमच्या कामात सगळे पायलट म्हणतात. डॉक्टर फोनवर असतात.

गर्दीतून वाट काढत पुढे गेलो, तर शिंगाडे विकणाऱ्या बाईच्या पोत्यावर आमचे शाळेतले मराठीचे गुरुजी बसलेले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ. शेजारी त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, उभ्या. स्कूटी त्याच चालवत होत्या. गुरुजी मागे बसून डावं-उजवं सांगत होते, आणि एका वळणाला त्यांनी आधी डावं सांगितलं, मग उजवं.

(गुरुजींना विचारूनच हे लिहितो आहे. नाव घालायचं नाही, एवढीच त्यांची अट.)

मला बघून गुरुजी म्हणाले, "तू? तू तर निबंधात कायम वाहून जायचास."

मी हसलो आणि बॅग उघडली. दोनतीन जण मोबाइल वर धरून उभे होते. त्यांना म्हटलं, दादा, तुमच्या घरचं माणूस इथं पडलं असतं तर व्हिडिओ काढू दिला असता का? एकाने मोबाइल खिशात टाकला, मग बाकीच्यांनीही. शिंगाडेवाल्या बाईने स्वतःची छत्री गुरुजींच्या डोक्यावर धरली.

नाडी बरी होती, रक्तदाब थोडा वाढलेला, साखर ठीक. बुबुळांवर टॉर्च मारला, तीही ठीक. वार कोणता, आपण कुठं आहोत, काय घडलं, हे विचारलं. गुरुजींनी तिन्ही उत्तरं पूर्ण वाक्यांत दिली. मग मी औषधांचं विचारलं, आणि काकू म्हणाल्या, "हृदयाची गोळी सुरू आहे जी. रक्त पातळ कराची."

 रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला, तर वरून धडधाकट दिसणारा माणूसही आतून रक्तस्राव होऊन तास-दोन तासांत कोसळू शकतो. मी म्हटलं, "गुरुजी, भंडाऱ्याला जाऊन डोक्याचं स्कॅन करू."

"मी येणार नाही."

"काहून?" पायलटने विचारलं.

"या बाजारातली अर्धी माणसं माझ्या हाताखालून गेली आहेत. त्यांच्यासमोर मी आडवा होऊन जाणार नाही."

गर्दीतून लगेच सल्ले सुरू झाले. "अरे, उचला ना बाप्पा, टाका गाडीत!" पायलट माझ्या कानाशी आला. "भाऊ, बीपी मोजाले म्हणून आत बसवा. मी दरवाजा लावून घेतो. भांडण दवाखान्यात गेल्यावर पाहू."

खोटं कशाला सांगू, मोह झाला. दोन मिनिटांचं काम होतं. पण शुद्धीवर असलेला, समजून बोलणारा मोठा माणूस नाही म्हणत असेल, तर त्याला जबरदस्तीने नेता येत नाही. फसवून नेणं ही जबरदस्तीच. प्रशिक्षणात हे लिहून घेतलं होतं, पण समोर स्वतःचे गुरुजी असताना ते पाळणं निराळं. मी पायलटला नको म्हटलं.

मग जे करायचं असतं ते केलं. पोत्याजवळ उकिडवा बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं: काय होऊ शकतं, किती वेळात, न आल्यास काय धोका. मग म्हटलं, "आता हे तुमच्या शब्दांत मला परत सांगा." त्यांनी सांगितलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. फोनवरच्या डॉक्टरांशीही बोलले. डॉक्टरांना म्हणाले, "धन्यवाद, विचार करतो." म्हणजे नाहीच.

शेवटी मी नकाराचा फॉर्म काढला. त्यावर रुग्णाची सही आणि एक साक्षीदार लागतो. गुरुजींनी चष्मा नाकावर बसवला, फॉर्म वाचला आणि खिशातलं लाल पेन काढलं.

"'रुग्ण'मधला रु दीर्घ लिहिला आहे. 'स्वतःच्या'मधला विसर्ग कुठं गेला?" दोन्ही ठिकाणी गोल झाले. "अशुद्ध कागदावर मी सही करत नाही."

गर्दी खळखळून हसली. काकूंनी कपाळाला हात लावला. "यायले काय सांगता जी, चाळीस वर्षं झाली, माझंच नाही आयकत."

सही नाही म्हणजे मला फॉर्मवर तसं लिहून साक्षीदार घ्यावा लागणार होता. शिंगाडेवाली बाई साक्षीदार व्हायला तयार झाली. कायद्याच्या हिशेबाने माझं काम तिथं संपत होतं. पायलट गाडीकडे बघू लागला. पण माझा पाय निघेना. दुसरा कॉल नव्हता. कंट्रोल रूमला कळवलं की आम्ही थोडा वेळ इथंच आहोत, आणि दर पाच मिनिटांनी गुरुजींशी बोलत राहिलो.

वीसेक मिनिटं गेली असतील. काकू शिंगाडे सोलून त्यांना देत होत्या, मी म्हटलं खायला काही देऊ नका, आणि गुरुजी एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "माही सायकल कोठी आहे? कोनं नेली?"

शाळेत गुरुजींच्या तोंडून आम्ही असं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. आम्ही 'मले' म्हटलं की ते 'मला' म्हणायला लावत. मी काकूंकडे पाहिलं.

"घरी असेच बोलतेत जी," त्या म्हणाल्या. "शाळेतली बोली शाळेतच. पण सायकल तं कवाच मोडीत देली." आणि त्यांचा चेहरा उतरला.

मी विचारलं, "गुरुजी, आज वार कोणता?" उत्तर नाही. पुन्हा सायकल. मग तिसऱ्यांदा सायकल. आणि ते पुढे वाकून ओकले.

आता समोर समजून-उमजून नकार देणारा माणूस राहिला नव्हता. डॉक्टरांना फोनवर सांगितलं, ते म्हणाले ताबडतोब निघा. काकू म्हणाल्या, "चला जी, चला." मान सरळ धरून आम्ही त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. जे सल्ले देत होते, तेच आता मुकाट्याने वाट करून देत होते. फॉर्मवर मी दोन्ही वेळा लिहिल्या, नकाराची आणि भान हरपल्याची. घडलं तसं, घडलं त्या क्रमाने. रस्ताभर ऑक्सिजन लावून मी त्यांच्याशी बोलत राहिलो, ते सायकल शोधत राहिले.

भंडाऱ्याला स्कॅनमध्ये थोडा रक्तस्राव निघाला. वेळेत आल्यामुळे औषधांवर निभावलं, कवटी उघडावी लागली नाही. मी सुटकेचा श्वास घेत होतो, तेवढ्यात तिथल्या सिस्टरने विचारलं, "आणि यांच्या पायाला काय झालं?"

काकूंचा अंगठा वांग्यासारखा सुजला होता. स्कूटीवर दोघं होते, आणि मी एकालाच तपासलं होतं! काकू आमच्यासोबत लंगडत चढल्या, लंगडत उतरल्या, आणि मला दिसलं नाही. हाड मोडलं होतं. मी माफी मागितली, तर म्हणाल्या, "तुले वेळ कोठी होता रे? आणि मी कोठी सांगितलं?" तरी ती माझीच चूक. तेव्हापासून जागेवर किती माणसं होती, हे मी आधी विचारतो.

महिन्याभराने त्यांच्या घरी गेलो. गुरुजी अंगणात खुर्चीवर पेपर वाचत होते, डोक्यावर नवंकोरं हेल्मेट. सवय व्हावी म्हणून रोज अर्धा तास घालून बसायचं, असा काकूंचा हुकूम होता. गुरुजींनी मला बसवलं आणि सरळ विचारलं, "माझा नकार तू मोडलास. कशाच्या आधारावर?"

"तुमचा नकार होता तोवर गाडी हलली नाही, गुरुजी."

"म्हणजे नकार देणारा मी आणि सायकल मागणारा मी, हे दोन निराळे? हे ठरवणारा तू कोण?"

मी म्हटलं, एकट्याने ठरवलं नाही. डॉक्टर होते, काकू होत्या. आणि वार कोणता, हे तुम्हालाच विचारलं होतं. त्यांनी हेल्मेटचा पट्टा सैल केला.

"उत्तर पुरतं पटलं नाही," ते म्हणाले, "पण त्या वेळी दुसरं काही केलं असतंस तर आज विचारायला मी नसतो. चहा घे."

निघताना शेजारचे एक काका कुंपणावरून वाकले. "का गा, गुरुजीले झालं काय होतं?"

"त्यांनाच विचारा जी," मी म्हणालो.

गुरुजींनी हेल्मेट काढलं आणि भरदार आवाजात सुरुवात केली. बाजारात काय घडलं, डोक्यात काय हललं, आणि कर्तव्याची जाणीव ठेवून ते स्वतःहून कसे स्ट्रेचरवर चढले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी चपला पायात घालू लागलो. रुग्णाची माहिती शेजाऱ्याला सांगायची मला मुभा नव्हती.