नवरीशिवाय हळदीचं गाणं

वरकुट्याहून निघून तास झाला, तरी अंथुर्ण्याची निम्मी वाट राहिलीच होती. दुपारची एसटी आली नव्हती. पुढं ब्रशांची पिशवी घेऊन सारजाक्का आणि मागं दोन्ही हातांत रंगाचे डबे घेऊन अंगणवाडीची सरोजिनी. वरकुट्याच्या अंगणवाडीची भिंत रंगवायचं काम तिनंच आक्काला मिळवून दिलं होतं.

"आक्का, जरा टेकू या का? तुमाला धाप लागली असंल."

"मला? डबं तुझ्या हातात वाजाय लागल्यात. पोरांची खिचडी खाऊन खाऊन अशी झालीस."

सरोजिनी हसली, पण तिचं लक्ष आक्काच्या गळ्याकडं होतं. पदर घट्ट लपेटला तरी गाठ आता दिसायची. सोमवारी बारामतीला ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. गाठ आवाजाच्या नसेला चिकटली होती. जिवाला धोका नव्हता, पण आवाज राहील याची खात्री देता येत नव्हती. आणि आक्काची हळदीची चाळीस गाणी दुसऱ्या कुणालाच येत नव्हती.

सारजाक्का मूळची वडगाव निंबाळकरची. तिचा मामा गेणबा लग्नघरांच्या भिंती रंगवायचा. दारावर गणपती, दोन बाजूंना केळी, भालदार-चोपदार, मधे नवरानवरीची नावं. चुन्यात नीळ कालवायचं काम भाचीकडं. एका लग्नात मामा तापानं फणफणला आणि भालदार अर्धाच राहिला. चौदा वर्षांच्या सारजानं तो पुरा केला. मिशा जरा जास्तच मोठ्या झाल्या. वरात आली तेव्हा नवऱ्याचा चुलता म्हणाला, "आमच्या नवरदेवापेक्षा ह्योच उजवा दिसतोय." त्या दिवसापासून ब्रश तिच्या हातातून सुटला नाही.

गाणी तिला भिंतीखालीच मिळाली. ती शिडीवर आणि खाली मांडवात बाया हळद लावतायत. ऐकून ऐकून पाठ झाली. लग्न होऊन ती अंथुर्ण्याला आली, तोवर जुन्या गाणाऱ्या बाया एकेक करून गेल्या होत्या. मग दिवसभर भिंत रंगवायची आणि हळदीला हात धुऊन गायला बसायचं, असा तिचा रिवाजच पडला. नखांतला निळा रंग तसाच असायचा. फ्लेक्स आले, भिंतीचं काम आटलं. डीजे आला, हळदीची गाणी चाळिसावरून पाचावर आली. तरी जाणती घरं तिलाच बोलवत. एका कॉलेजनं तिची चित्रं भिंतीवर टांगली, शाल दिली. मुलाखतीला पोरी आल्या, त्यांना तिनं चहा पाजला, चुना कालवायला बसवलं, पण गायली नाही.

कारण हळदीच्या गाण्यात तिसऱ्या ओळीला नवरीचं नाव येतं, चौथीला आईचं, पाचवीला भावाचं. समोर हळद लागलेली नवरी नसेल तर ते गाऊ नये, असं तिला शिकवलं होतं. एकदाच तिनं हे मोडलं होतं. कसल्याशा महोत्सवात संयोजक पायाच पडायला लागला, म्हणून पहिल्या रांगेतल्या एका पोरीचं नाव घालून ती गायली. टाळ्या पडल्या. महिन्याभरात त्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं. हुंडा, मानपान, कारणं शंभर होती. पण आक्कानं दोष स्वतःच्या गळ्याला लावला तो लावलाच.

सरोजिनीनं सगळ्या गाण्यांचे शब्द दोनशे पानी वहीत उतरवून घेतले होते. आक्का ते रेशनची यादी वाचावी तसे सांगायची. चाल कागदावर येत नव्हती.

"आक्का, मोबाईल हाय माझ्याकडं," सरोजिनी चालता चालता म्हणाली. "नुसतं गुणगुणा. देव काय एवढ्यावर रागावतोय व्हय?"

"देवाचं तू बघ, तू रोज दिवा लावतीस. मला त्या पोरीचं तोंड दिसतंय."

"मग एखादं लग्न गाठू."

"चातुर्मास लागलाय बाई. कुठली तिथी आणि कुठलं लग्न?"

"तुळशीचं?"

"ते कार्तिकात. तवर डॉक्टर सुरी धरून बसतोय व्हय?"

उसाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत वारं अडकलं होतं. कॅनॉलच्या पुलावर आक्का थांबली, पिशवी कठड्यावर ठेवली आणि सरोजिनीकडं तिनं असं पाहिलं, जसं कोऱ्या भिंतीकडं पाहायची. कुठं काय बसेल ते मोजत.

"सरू, तुझं वय किती?"

"बावन्न. का वो?"

"आणि लगीन करायचं मनात न्हाय ना आता?"

"ह्या वयात? काय चेष्टा लावलीय, आक्का!"

"मग तुझं मोडायला काय हाय?"

सरोजिनीला हसू आलं आणि अर्ध्यातच विरलं. तिनं डबे खाली ठेवले. भावांची शिक्षणं, आईचं आजारपण, बघता बघता लग्नाचं वय गेलं. ते तिनं कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. देवापुढंही नाही. अंगाला हळद लावून घेतली तर देवाची थट्टा होईल का, हा पहिला विचार आला. गाव काय म्हणेल, हा दुसरा.

आक्काला ते दिसलं असावं. तिचा आवाज खाली आला. आधीच घोगरा झालेला, पण अजून तिचाच.

"रविवारी ये माझ्याकडं. दार लावून घिऊ. पाट मी मांडते, हळद मी लावते. नाव तुझं घालते, तुझ्या आईचं घालते, दोनी भावांचं घालते. चाळीसच्या चाळीस गाते. तुझा मोबाईल तितं कोनाड्यात ठिव. लोकांना काय सांगायचं ते मी सांगते, तोंड माझं खंबीर हाय. तू फक्त पाटावर बस. माझी येवढी एक नवरी हो, सरू."