सुरंगीचा कट्टा

“आधी वास घ्या, नाव मागून.”

बागेत कुणी एखाद्या झाडाचं नाव विचारलं की माळीमामा खाली वाकायचे, पडलेलं पान उचलून चुरगळायचे आणि सरळ समोरच्याच्या नाकाशी धरायचे. साहेब असो की शाळेतली पोर, सुटका नाही. मला पहिल्यांदा धरलं तेव्हा शिंकाच आल्या. म्हणाले, “आता नाय इसरायची, बाय.” खरंच नाही विसरले. निरगुडी होती ती.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल बघा, ज्याला आपण रोज पाहतो आणि घर कुठे ते कधी विचारत नाही. पनवेलच्या आमच्या जुन्या बागेत मी चालायला लागले ती आमचे हे गेल्यावर. घरात बोलायला भिंती. बागेत निदान मामा ओरडायचे तरी. पालिकेतून निवृत्त होऊन वर्षं झाली होती, पण सकाळी सहाला तोच खाकी शर्ट घालून हजर. आम्ही बायका फेऱ्या मारायला लागलो की म्हणायचे, “चाला, चाला. झाडा एके जागी उभी राहून बारीक हायत, नि तुमी चालून चालून जाड्या!”

त्यांचा जीव होता तो बागेतल्या सुरंगीत. हे झाड तळकोकणातलं. थंडी सरता सरता त्याच्या जुन्या फांद्यांच्या लाकडातूनच कळ्या फुटतात, आणि फुलांचा वास पार रिक्षा स्टँडपर्यंत जायचा. इथे कुणी आणून लावली कोण जाणे. आसपास दुसरी नाही. मामा म्हणायचे, “एकटी हाय बिचारी. सोबत नाय म्हणून फळ धरत नाय. पन फुलायचा चुकवत नाय.” बोलताना हात खोडावर. मामी गेल्या होत्या, मुलगा खारघरला. पण स्वतःबद्दल ते अवाक्षर काढायचे नाहीत.

मग बागेची दशा झाली. जुन्या झाडांवर बांडगुळं माजली, कुणाला वाळवी लागली, कुणाच्या बुंध्यापर्यंत फरशीचे ठोकळे बसले. आम्ही ठरवलं, वर्गणी काढून झाडं वाचवायची. नवरात्राची वर्गणी दरवर्षी मीच गोळा करते, तेव्हा पुढे मीच. पण लोक विचारायचे, “काकू, नाव कुठे येणार?” आपल्याकडे देवळाची पायरी, शाळेतला पंखा, स्मशानातला बाक, सगळ्यावर देणाऱ्याचं नाव असतं. बांडगूळ काढलं, तर त्यावर नाव कुठे घालायचं?

तेव्हा मी म्हटलं, सुरंगीभोवती छान कट्टा बांधू आणि त्यावर काळ्या दगडात सगळ्यांची नावं. ही अक्कल माझी. दुसऱ्या कुणाची नाही.

मामा पहिल्यांदा माझ्या दारात आले. चपला खाली जिन्यापाशीच काढलेल्या.

“बाय, कट्टा नको. माती भरून वर शिमीट केलात तं मुळांना वारा नाय लागायचा. गुदमरंल ती.”

“अहो मामा, एका कट्ट्यावर बाकीची सगळी झाडं वाचतायत.”

“मंग दुसऱ्या झाडाला बांधा.”

“सावली तिचीच चांगली ना पण!”

मी चहा ठेवते म्हटलं, तर नको म्हणाले आणि गेले.

कट्टा झाला. नारळ फुटला, भाषणं झाली, पेढे वाटले. मामा लांब नळापाशी उभे होते. मी पेढा घेऊन गेले तर म्हणाले, “दात दुखतो.” बाकीची झाडं सुधारली, खोटं कशाला बोलू. पण दोन वर्षांत सुरंगीचा शेंडा वाळायला लागला, आणि तिसऱ्या वर्षी एकही कळी आली नाही.

मला वाटलं, आता ऐकवतील. दुसरा कुणी असता तर चारचौघांत ऐकवलं असतं. मामा एवढंच म्हणाले, “बाय, नावा काढायला लागतील.”

मग जिथे जिथे वर्गणी मागितली होती, त्या प्रत्येक दारी मी पुन्हा गेले. आता नाव फोडायची परवानगी मागायला. मामा बरोबर. मी आत बसायची, ते उंबऱ्याबाहेर उभे. एक सूनबाई म्हणाल्या, “तोडा हो, पण आमच्या सासऱ्यांचं तेवढं ठेवा. ते आता नाहीत.” एका दुकानदारांनी विचारलं, “पुढचा कट्टा कुठे होणार?” करंजाड्याला राहायला गेलेल्या एक बाई तर म्हणाल्या, “माझं नाव होतं तिथे? मी पाहिलंच नाही कधी!” जिन्यात मामा इतके हसले की कठड्याला धरून बसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

कट्टा फोडला. त्या सूनबाईंच्या सासऱ्यांच्या नावाचा दगड मी त्यांच्या घरी नेऊन पोचवला. आत भरलेली माती मजुरांना काढू दिली नाही मामांनी. मुळं दुखावतील म्हणून स्वतः हातांनी उकरत बसले, आठ-दहा दिवस. बोटं फुटली. नंतर खोकला धरला. मुलगा येऊन त्यांना खारघरला घेऊन गेला. चौदाव्या मजल्यावर. जायच्या आधी मला मुलाचा नंबर लिहून घ्यायला लावला.

“पालवीचा नका सांगू. पालवी फसवते. कळी दिसली तं फोन करा.”

पालवी आली. मी सांगितलं नाही, त्यांनीच बजावलं होतं ना. पुढचा माघ आला, कळी नाही. फोन करून काय सांगणार? कितीदा नंबर काढून पाहिला आणि ठेवून दिला. नुसतं “कसे आहात मामा” विचारायला फोन करता येतो, हे मला सुचलंच नाही बघा. माणूस झाडाचा, तर बोलणंही झाडाचंच, असं धरून चालले होते मी.

यंदा माघात एका सकाळी मधल्या फांदीवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके दिसले. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. दुसऱ्या फांदीवरही होते. तिथूनच फोन लावला.

मुलाने उचलला. मी म्हटलं, “बाबांना दे रे जरा.”

तो म्हणाला, “काकू, बाबा गणपतीतच गेले. तुम्हाला कळवायचं राहिलंच. काही काम होतं का?”

“नाही रे,” मी म्हटलं, “सहजच केला होता.”

फोन ठेवला. तिथेच उभी राहिले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, कळ्यांचं त्यालाही सांगितलं नाही.